कॉर्नहोल: फेकायचं कसं, मोजायचं कसं, आणि माणसं त्यात का अडकतात

प्रश्न थोडक्यात असा की अंगणात दोन तिरके बोर्ड मांडायचे आणि त्यांच्या भोकात दाण्यांच्या पिशव्या टाकायच्या, यात मोठी माणसं तासनतास रमतात तरी कशी, आणि सुरू करायचं असेल तर काय काय लागतं. मी हा खेळ बरीच वर्षं खेळतोय, नवीन लोकांना शिकवतो, स्पर्धांमध्ये गुण लिहायलाही बसलोय, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं आहे. फेकण्यासाठी लोक येतात आणि गुणांच्या वजाबाकीमुळे टिकून राहतात. ते कसं ते सांगतोच, पण आधी मांडणी, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

बोर्ड दोन, प्रत्येक ४ फूट लांब आणि २ फूट रुंद. मागची कड जमिनीपासून १२ इंच वर, पुढची साधारण ३ ते ४ इंच, म्हणजे चढ अंदाजे १० अंशांचा. भोक ६ इंच व्यासाचं, त्याचा मध्य वरच्या कडेपासून ९ इंचांवर आणि दोन्ही बाजूंपासून १२-१२ इंचांवर. बोर्ड समोरासमोर ठेवायचे आणि दोघांच्या पुढच्या कडांमधलं अंतर २७ फूट. इथे बरेच जण भोकापासून भोकापर्यंत २७ मोजतात आणि मग स्पर्धेला गेल्यावर सगळ्या पिशव्या तोकड्या का पडतायत म्हणून वैतागतात, तेव्हा कडेपासून कडेपर्यंतच मोजा. फेकणारा आपल्या बोर्डच्या बाजूला उभा राहतो आणि पाय बोर्डच्या पुढच्या कडेच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. त्या रेषेपासून समोरच्या भोकाच्या मध्यापर्यंत ३० फूट ३ इंच होतात, म्हणजे आपला खरा नेम एवढ्या लांबचा. लहान मुलं असतील किंवा कुणाचा खांदा दुखत असेल तर सरळ २१ फुटांवर आणा, काही बिघडत नाही. जागा म्हणाल तर बोर्डांसकट ३५ फूट आणि दोन्ही टोकांना थोडं मोकळं, म्हणजे ४५ फूट लांब आणि दहा-बारा फूट रुंद सपाट पट्टा असला की भागतं.

पिशव्या आठ, चार एका रंगाच्या आणि चार दुसऱ्या. ६ बाय ६ इंच, वजन प्रत्येकी साधारण १६ औंस, म्हणजे ४५० ग्रॅम धरा. दोघंच असाल तर दोघंही एकाच बोर्डशेजारी उभे राहून आळीपाळीने एकेक पिशवी टाकायची, आठही संपल्या की चालत समोर जायचं, गुण मोजायचे, आणि तिथून उलट्या दिशेने पुढचा राउंड. चौघं असाल तर जोडीदार एकमेकांच्या समोरच्या टोकाला असतो आणि तुमच्या शेजारी उभा असतो तो प्रतिस्पर्धी, चालावं कुणालाच लागत नाही, नुसतं उभं राहून गप्पा मारत खेळता येतं. आणि या खेळाची अर्धी लोकप्रियता त्या गप्पांतच आहे असं मला वाटतं, कारण ज्याला हरवायचंय तोच कायम तुमच्या कानाशी असतो.

आता गुण. भोकात गेली तर ३, बोर्डवर थांबली तर १, जमिनीवर पडली तर शून्य. राउंडच्या शेवटी दोघांची बेरीज करायची आणि लहान आकडा मोठ्यातून वजा करायचा, फक्त उरलेला फरक जास्तवाल्याच्या खात्यात जातो. समजा माझ्या दोन भोकात, एक बोर्डवर, एक बाहेर, झाले ७. तुमची एक भोकात आणि दोन बोर्डवर, झाले ५. मला मिळाले २, तुम्हाला काहीच नाही. आधी २१ गाठेल तो जिंकला. बस, नियम एवढेच, पाच मिनिटांत कुणालाही समजतात.

पण या वजाबाकीने काय होतं बघा. नुसतं प्रत्येकाने आपापले गुण साठवायचे असते तर हा दोन माणसांनी शेजारी शेजारी खेळलेला एकट्याचा खेळ झाला असता, तू तुझं टाक मी माझं टाकतो. वजाबाकी आली की समोरच्याने टाकलेली प्रत्येक पिशवी तुमच्यावर उधारी असते. त्याने भोकात टाकली की तुम्हाला ती फेडायचीय. आणि मागे पडलेला माणूस कधीच पूर्ण संपत नाही, कारण पुढच्याला २० झाले असले तरी शेवटचा एक गुण त्याला फरकाने काढावा लागतो, तुम्ही प्रत्येक राउंड बरोबरीत सोडवत राहिलात तर तो २० वरच अडकून बसतो. मी १८-६ ने मागे असलेली माणसं जिंकताना पाहिलीयत आणि पुढे असलेल्याचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा असतो. यात आणखी एक बारीक गोष्ट, ज्याने राउंड जिंकला त्याने पुढच्या राउंडला आधी टाकायचं. म्हणजे शेवटची पिशवी कायम हरलेल्याच्या हातात. खेळणारे त्या शेवटच्या पिशवीला हॅमर म्हणतात आणि बरोबरीच्या सामन्यात ती ज्याच्याकडे तो खरं तर वरचढ, कारण त्याला सगळा हिशोब समोर दिसत असतो.

हे ३ आणि १ चं गणित आणि ही वजाबाकी नव्याने निघालेली नाही, घोड्याच्या नालाच्या खेळात हेच आहे. तिथे नाल खुंट्यात अडकली तर ३, जवळ पडली तर १. फरक एवढाच की तिथे अडीच पौंडांची लोखंडी नाल ४० फुटांवर फेकायची असते, खुंट्या ठोकायच्या, वाळूचा खड्डा, आणि पोरंटोरं मध्ये आली तर डोकं फुटायची भीती. इथे कापडी पिशवी, लागली तरी कुणी रडत नाही. पिशव्या आणि भोकाच्या फळीचा अमेरिकेतला एक जुना पुरावा १८८३ चा आहे, हेलिगर डी विंट नावाच्या माणसाला ‘पार्लर क्वॉइट्स’ नावाने पेटंट मिळालं, त्यात भोक चौकोनी होतं. पुढे तो खेळ ‘फाबा बागा’ नावाने विकला गेला, त्या फळीला दोन वेगवेगळ्या आकाराची भोकं होती. जर्मन शेतकऱ्याने चौदाव्या शतकात शोधला वगैरे गोष्टी सांगतात लोक, त्याला कागदोपत्री आधार नाही, ऐकायच्या आणि सोडून द्यायच्या. आजचा कॉर्नहोल वाढला तो सिनसिनाटीच्या आसपास, ओहायो, केंटकी, इंडियाना या पट्ट्यात, आणि अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांआधी पार्किंगमध्ये जमणाऱ्या लोकांनी तो देशभर नेला कारण पाय दुमडले की बोर्ड गाडीत मावतात. २०१५ मध्ये अमेरिकन कॉर्नहोल लीग सुरू झाली, आता टीव्हीवर सामने दाखवतात, व्यावसायिक खेळाडू आहेत. असो.

फेकण्याकडे येऊ. सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, पिशवी सपाट पडली पाहिजे. भोक ६ इंच आणि पिशवीही ६ इंच, मग ती आत जाते कशी? ती सैल असते म्हणून. सरकत आलेल्या पिशवीची पुढची कड भोकावर आली की आतले दाणे त्या बाजूला ओघळतात, कड खाली लवते आणि बाकीची पिशवी तिच्यामागून जाते. हे व्हायला पिशवी बोर्डवर आडवी टेकून सरकायला हवी. कोलांट्या खात आलेली पिशवी कोपऱ्यावर आपटते आणि मग कुठे उडेल याचा नेम नाही. म्हणून तिला आडवी फिरकी द्यायची, थाळी फिरते तशी, त्या फिरकीने ती हवेत डगमगत नाही आणि पोटावर उतरते.

पकड सोपी आहे, पिशवी आधी हातावर थापटून दाणे सारखे पसरवा, मग अंगठा वर आणि चार बोटं खाली, कडेला किंवा कोपऱ्याला धरा, घट्ट नको. उजव्या हाताने फेकणाऱ्याने बोर्डच्या डावीकडे उभं राहावं म्हणजे हाताची रेष भोकाच्या सरळ रेषेच्या जवळ येते, डावखुऱ्याने उलट. हात घड्याळाच्या लंबकासारखा खालून मागे आणि मग सरळ पुढे, विरुद्ध पायाचं एक छोटं पाऊल (रेषा सांभाळून), सोडताना मनगटाने हलकीशी फिरकी. जोर खांद्यातून येतो, मनगटातून फक्त फिरकी. नवीन माणूस बहुतेक वेळा छातीतून जोर लावून सपाट फेकतो आणि पिशवी बोर्डला घासून थेट मागे निघून जाते. तिला उंची द्या. वर जाताना ती तुमच्या डोक्यापेक्षा बरीच वर गेली पाहिजे, मग ती वरून हळू उतरते आणि बोर्डवर थांबते तरी किंवा शहाण्यासारखी सरकते तरी.

आणि नेम भोकावर धरू नका! हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण पहिल्या दहा मिनिटांत विसरतो. नेम धरायचा भोकाच्या सरळ रेषेत पण एक-दीड फूट अलीकडे, बोर्डच्या मधल्या भागावर. तिथे पडून सरकली तर आत जाईल, नाही सरकली तर बोर्डवर बसून १ गुण देईल आणि शिवाय पुढच्या पिशवीला ढकलायला समोर राहील. भोकावर नेम धरलेली पिशवी थोडी लांब गेली की मागून बाहेर, शून्य. म्हणजे तोकडं चालतं, लांब चालत नाही, फक्त इतकंही तोकडं नको की बोर्डच्या आधी गवतात पडेल, कारण जमिनीला आधी लागून उसळून बोर्डवर आलेली पिशवी धरत नाहीत, ती लगेच उचलून बाजूला ठेवायची म्हणजे खेळात अडथळा नको. डावी-उजवी चूक मात्र कुठेच माफ नाही. त्यामुळे सुरुवातीला लांबीचा विचार सोडून द्या आणि फक्त सरळ रेषेवर काम करा, लांबी आपोआप येते, रेष आपोआप येत नाही.

आता खरी गंमत, म्हणजे अडवाअडवी. एकदा चारपैकी तीन पिशव्या बोर्डवर थांबायला लागल्या की तुम्हाला कळेल की भोकाच्या तोंडाशी बसलेली पिशवी ही १ गुणाची असली तरी किंमत त्याहून जास्त आहे, कारण ती समोरच्याची वाट बंद करते. जुने खेळाडू पहिली पिशवी मुद्दाम भोकाच्या थोडी अलीकडे बसवतात. मग तुमच्यापुढे तीन रस्ते. एक, तिला ढकला. दोन, बाजूने वळवून आणा, जे फार थोड्यांना जमतं. तीन, वरून थेट भोकात, बोर्डला न लागता, ज्याला एअरमेल म्हणतात.

हिशोब करू. तुमची शेवटची पिशवी आहे, बाकी सगळं बरोबरीत सुटलंय, फक्त त्याची एक पिशवी भोकासमोर बसलीय. तुमची बाहेर गेली तर त्याला १. तुम्ही नुसती बोर्डवर कुठेतरी ठेवली तर १-१, शून्य. ढकललीत आणि दोन्ही आत गेल्या तर ३-३, पुन्हा शून्यच! आणि ढकलताना त्याची आत गेली पण तुमची बाहेरच बोर्डवर राहिली तर त्याला २, तुमच्याच हाताने. म्हणजे या परिस्थितीत ढकलण्यात मिळवायचं काही नाहीच, गमवायचं मात्र आहे, तरी नव्वद टक्के लोक ढकलतात कारण पिशव्या आत पडताना बघायला बरं वाटतं. एअरमेल लागली तर तुम्हाला २, चुकली तर ती बहुतेक वेळा मागून बाहेर जाते आणि त्याला १. म्हणजे तीनपैकी एकदा तरी एअरमेल बसत असेल तर ठेवण्याइतकीच ती परवडते, त्याहून जास्त बसत असेल तर टाकाच. पण हे झालं सामन्याच्या मधलं. तो २० वर असेल आणि तुम्ही १९ वर, तर तीच एअरमेल लागली तर तुम्ही जिंकलात आणि चुकली तर तिथेच खेळ संपला, अशा वेळी मी तरी मुकाट्याने बोर्डवर ठेवतो आणि पुढच्या राउंडची वाट बघतो. वाद घाला माझ्याशी, घालतात लोक. एकाच पिशवीचं उत्तर गुणफलक बघून बदलतं आणि अंगणात उभी असलेली चार माणसं त्यावर मोठ्याने सल्ले देत असतात, यात मजा नाही तर कशात आहे.

वरच्या दर्जाला गेलात की चारही पिशव्या भोकात जाणं, म्हणजे १२ गुण, ही नवलाची गोष्ट राहत नाही. तिथे दोघंही १२-१२ करून शून्यावर सुटत राहतात आणि सामना ठरतो तो एखाद्या नीट बसवलेल्या अडथळ्यावर. म्हणून व्यावसायिक सामना बघताना आत गेलेल्या पिशव्या मोजू नका, कोण कुणाची वाट कधी बंद करतोय ते बघा.

घरच्या खेळात भांडणं होतात ती दोन-तीनच गोष्टींवरून, ती आधीच ठरवून टाका. बोर्डवरून लोंबणारी पिशवी जमिनीला टेकली असेल तर गुण नाही, टेकली नसेल तर १. समोरच्याच्या धक्क्याने तुमची पिशवी आत गेली तर ३ तुमचेच, टाकणाऱ्याचे नाहीत. गुण दोघांनी मान्य करेपर्यंत बोर्डवरच्या पिशव्यांना हात लावायचा नाही. आणि २१ बरोब्बर झाले पाहिजेत, वर गेलं की गुण मागे जातात, असा एक घरगुती नियम बऱ्याच ठिकाणी चालतो, स्पर्धेत तसं नसतं, २१ किंवा वर झाले की संपलं. मला तो घरगुती नियम अजिबात आवडत नाही, पंधरा-वीस मिनिटांचा डाव तासभर चालतो आणि शेवटी कुणालाच मजा राहत नाही.

सामानाचं म्हणाल तर बोर्ड घरी करता येतो, सुतारकाम थोडंफार येत असलं की झालं. वरची फळी किमान अर्धा इंच प्लायवूडची, पाऊण इंच मिळालं तर उत्तम, खाली चौकट आणि मध्ये एक आडवी पट्टी टाकाच, नाहीतर पिशवी पडली की मधला भाग ढोलकीसारखा उसळतो. स्क्रूची डोकी आत बुडवून वरून पुट्टीने भरा. भोकाची कड पॉलिश पेपरने गोलसर करा, धारदार राहिली की पिशव्या फाटतात. वरून पाण्यात मिसळणारं पॉलीयुरेथेन किंवा वॉर्निशचे दोन-तीन हात, मध्ये घासून. फार चकचकीत केलंत तर प्रत्येक पिशवी मागून पळेल, खरखरीत ठेवलंत तर काहीच सरकणार नाही, थोडं खेळून मग घासत घासत आणायचं. आणि दमट हवेत सगळेच बोर्ड संथ होतात, सकाळी दव असताना आणि दुपारी उन्हात एकाच बोर्डवर दोन वेगळे खेळ होतात हे लक्षात ठेवा, पहिल्या दोन पिशव्या त्या अंदाजासाठीच.

पिशवीसाठी जाड सुती कापडाचे ७ बाय ७ इंचांचे तुकडे, चारही बाजूंनी अर्धा इंच शिवण, दुहेरी टीप. आत पूर्वी मक्याचे दाणेच भरायचे, अजूनही भरतात आणि त्यांचा हातातला स्पर्श छान असतो, पण त्यांची भुकटी होते, ओले झाले की संपले, आणि गॅरेजमध्ये ठेवले की उंदीर पोचलेच. म्हणून आता प्लॅस्टिकचे बारीक दाणे सर्रास वापरतात. काहीही भरा, ठासून भरू नका, वजन पूर्ण झालं तरी पिशवी सैल वाटली पाहिजे, वर सांगितलं तसं ती भोकात लवते ती सैलपणामुळेच. नवीन पिशव्या ताठ असतात, प्लॅस्टिकवाल्या असतील तर कोमट पाण्यात थोडं फॅब्रिक सॉफ्टनर टाकून भिजवतात आणि वाळवून खेळायला घेतात. स्पर्धेच्या पिशव्यांना दोन बाजू वेगळ्या असतात, एक गुळगुळीत, एक पकड घेणारी, कुठली बाजू खाली ठेवून टाकायची हे खेळाडू प्रत्येक वेळी ठरवतो. अडवायचं असेल तर पकडीची खाली, सरकवून आत घालायची असेल तर गुळगुळीत. पण हे लगेच नको.

आधी एकट्याने सराव करा, तेही एकाच बोर्डवर जमतं. चार पिशव्या टाका, वजाबाकी नाही, नुसते गुण मोजा, कागदावर लिहा, आणि पंधरा-वीस राउंडची सरासरी काढा. कमाल १२. मोठे व्यावसायिक १० च्या आसपास खेळतात. नवीन माणूस दोन-तीनवर असतो आणि त्याला लाज वाटायचं कारण नाही, पाचच्या वर गेलात की बहुतेक अंगणांमध्ये तुम्ही जिंकायला लागता. सहा टिकून राहायला लागले की मग त्या दोन बाजूंच्या महागड्या पिशव्या घ्या, त्याआधी घेतल्यात तर त्यांच्यात आणि साध्या पिशव्यांत तुम्हाला काडीचा फरक जाणवणार नाही.